तोर्गाइर येईपर्यंत

ओव्रेदालच्या स्की-शर्यतीत पहिला कोण येणार यावर गावात पैजा लागायच्या. शेवटचा कोण येणार यावर कधीच लागल्या नाहीत. शेवटी तोर्गाइर यायचा. तो आला की शर्यत संपायची, तो येईपर्यंत संपायची नाही, आणि तो कधी येईल ते देवालाच ठाऊक. तोवर अख्खं गाव अंतिम रेषेपाशी पाय आपटत उभं राहायचं. लांब झाडीतून त्याची लाल टोपी दिसली की लोक ‘हाइया, हाइया’ करून असा काही गलका करायचे की पहिल्या आलेल्याच्या वाट्यालाही तो आलेला नसायचा.

पहिला आलेला बहुतेक वेळा हाल्वोर असायचा, आणि ही गोष्ट त्याला लागायची. दोघं शाळेपासूनचे मित्र, म्हणून जास्तच लागायची.

तोर्गाइर गावातली धुराडी साफ करायचा. छपरावरचं काम अर्ध्या तासात उरकायचं आणि खाली स्वयंपाकघरात दोन तास जायचे, कारण एकही घर त्याला कॉफी घेतल्याशिवाय सोडायचं नाही. कोणाच्या शेगडीत ओलं लाकूड जळतंय आणि कोणाच्या घरात नवराबायको बोलत नाहीत, दोन्ही त्याला धुरावरून कळायचं म्हणे. लाकडाचं तो तोंडावर सांगायचा, दुसरं पोटात ठेवायचा. हाल्वोरचं उलट. त्याचा गाईंचा गोठा होता, नाकावर राग होता, आणि पोटात काही राहत नव्हतं. माणूस सरळ, पण सरळ माणसाबरोबर राहणं सोपं नसतं हे त्याच्या गाईंनाही माहीत होतं.

दर रविवारी दोघं स्की घालून डोंगरावर जायचे. हाल्वोर पुढे, तोर्गाइर मागे, आणि मागून गप्पा अखंड चालू. चढावरही तोर्गाइरचं तोंड थांबायचं नाही. दमलेला माणूस इतकं बोलू शकत नाही, एवढं हाल्वोरच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याच्याकडे शर्यतीतल्या अपयशाचं कारण तयार होतं. कारण होतं मेण.

स्कीच्या तळाला कोणतं मेण लावायचं ते त्या दिवसाचा बर्फ बघून ठरवावं लागतं. कोरड्या थंड बर्फाला कडक, ओलसर बर्फाला मऊ. चुकलं की एकतर चढावर स्की मागे घसरते, नाहीतर तळाला बर्फाचे गोळे धरतात आणि माणूस खडावा घातल्यासारखा खटक खटक चालतो. ओव्रेदालमध्ये कोणाची बायको पळून गेली तर चार दिवस बोलतात, मेण चुकलं तर वर्षभर बोलतात. आणि तोर्गाइरचं दरवर्षी चुकायचं. शेवटचा येऊन, सगळ्यांच्या टाळ्या घेऊन, तो हाल्वोरला सांगायचा, “मेण चुकलं बघ.”

हाल्वोर संतापायचा. त्याने समजावून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. एका वर्षी तर त्याने तोर्गाइरची स्की स्वतःच्या गोठ्यात नेली, स्वतःच्या हाताने मेण लावलं, गाईंचं दूध काढायला उशीर झाला तरी चालेल म्हणाला. तोर्गाइर त्याही वर्षी शेवटचा. “तुझं मेण फारच चांगलं होतं रे,” तो म्हणाला. “मला सवय नाही.” जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं हाल्वोर तेव्हा सगळ्यांदेखत बोलला होता.

तोर्गाइर गेला तो नोव्हेंबरात, गावात अजून बर्फ धरलं नव्हतं तेव्हा. सकाळी कामाला निघताना बुटाची एक नाडी बांधली, दुसरी बांधायची राहिली. बायको आस्लाउग शेजारच्याच खोलीत होती.

चर्चमधलं सगळं आटोपल्यावर लोक सभागृहात जमले. कॉफी झाली, केक झाला, आणि रिवाजाप्रमाणे एकेकजण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलू लागला. हाल्वोरची पाळी येणारच होती. तो आठवडाभर मनाशी जुळवाजुळव करत होता. तो उठला, म्हणाला, “तोर्गाइरला मेण लावता येत नव्हतं.” सभागृह हसलं आणि पुढचं ऐकायला थांबलं. पुढचं काही आलंच नाही. तो खाली बसला.

ते त्याला हिवाळाभर खात राहिलं. जन्माची दोस्ती, आणि मित्राबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा एक वाक्य निघालं, तेही तक्रारीचं.

फेब्रुवारीत शर्यतीच्या तयारीची बैठक झाली. मंडळाची प्रमुख विग्डिस, कामाला चोख बाई. ती म्हणाली की यंदा रेषा ठरल्या वेळी उचलू या, खांब, दोऱ्या, घड्याळ सगळं उजेडात आवरू, उशिरा येणाऱ्यांनी सभागृहात येऊन नाव सांगावं. आता थंडीत थांबायचं कोणासाठी, हे ती बोलली नाही. सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. हाल्वोरही गप्प बसला. खरं सांगायचं तर त्याचं लक्ष कपावर होतं. ज्येष्ठांच्या गटातला चांदीचा फिरता कप त्याने दोनदा जिंकला होता. तिसऱ्यांदा जिंकला की तो कायमचा त्याच्या घरी राहणार होता. त्याने खिडकीतल्या फळीवर जागासुद्धा करून ठेवली होती. फक्त कपवाटपाला विजेता सभागृहात हजर हवा, नाहीतर कप दुसऱ्या क्रमांकाला. हा नियम हाल्वोरनेच आणला होता, शेजारच्या खोऱ्यातला एक विजेता जेवायला म्हणून परस्पर घरी निघून गेला होता तेव्हा, रागाच्या भरात.

शर्यतीच्या सकाळी सुरुवातीच्या जागेवर आस्लाउग उभी होती. छातीवर नंबर, पायात तोर्गाइरची स्की. इतकी वर्षं ती वॅफलच्या तव्यापाशी असायची, तिला शर्यतीत पाहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यातून तिची कंबर दुखायची. हाल्वोर तडक तिच्याकडे गेला.

“स्की बघू,” तो म्हणाला.

तिने एक काढून दिली. त्याने ती उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. त्या दिवशीच्या बर्फाला त्याहून योग्य मेण त्याला स्वतःला लावता आलं नसतं.

“कोणी लावलं हे?”

“मी. त्याने शिकवलंय.”

“त्याला कुठे येत होतं?”

आस्लाउगने टोपी कानांवर ओढली आणि स्की परत मागितली. तेवढ्यात शिट्टी झाली.

वाट खोऱ्यातून वर तळ्यापर्यंत जायची, तळ्याला वळसा घालून बर्फात कोरलेल्या शेजारच्याच खाचेने परत यायची. हाल्वोर तळ्याला वळसा मारून सगळ्यांच्या पुढे उतरत होता. समोरून वर येणारे भेटत होते, आधी दाटीने, मग तुरळक. जवळजवळ शेवटी सेलाम होती. वृद्धाश्रमातली नर्स, एरिट्रियाहून आलेली, स्कीवरचा तिचा हा पहिला हिवाळा. ती चार पावलं जायची आणि पडायची. उठायची, कपडे झटकायची, पुन्हा पडायची. तिच्या थोडं मागे आस्लाउग होती. सेलाम पडली की आस्लाउग वाकायची, स्की काढायची आणि तळ नखाने खरवडायची, जणू बर्फ चिकटलंय.

तिथे काही चिकटणं शक्य नव्हतं. त्या तळावरून सकाळीच हाल्वोरचा अंगठा फिरला होता. तो थांबला. शर्यतीत थांबायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

“काय खरवडतेस?” त्याने विचारलं.

“काही नाही. हळू बोल, ती मागे बघेल.”

हाल्वोरला कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा एकदम कळलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

“तोपण?” तो म्हणाला.

“मग? रविवारी तुझ्यामागे गप्पा मारत डोंगर चढणारा माणूस शर्यतीच्या दिवशीच कसा लंगडा व्हायचा, हे तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?”

आणि तिथेच, काठीवर भार देऊन, आस्लाउगने त्याला सांगितलं. लग्नाआधी एकदा ती या शर्यतीत पळाली होती. ती पोचली तेव्हा रेषेवर कोणी नव्हतं. खांबसुद्धा नेले होते. कुठे थांबायचं तेच कळेना, म्हणून ती रडत तशीच स्कीवरून घरापर्यंत गेली. पुढच्या आठवड्यात तोर्गाइर तिच्या घरी धुराडं साफ करायला आला तेव्हा तिच्या आईने हसत हसत त्याला हे ऐकवलं. तो हसला नाही. पुढच्या वर्षीपासून तो शेवटचा येऊ लागला. त्याच्यासाठी गाव थांबायचं, म्हणून त्याच्या पुढे जो कोणी धडपडत येईल त्यालाही गाव भेटायचं.

“मला का नाही सांगितलं त्याने?” हाल्वोरचा आवाज चढला. “मी त्याला मूर्ख म्हणत होतो, माणसांसमोर म्हणत होतो.”

“सांगितलं असतं तर तूही मागे राहायला बघितलं असतंस, आणि तुला ते जमलं नसतं. तुला हळू पळता येत नाही, हाल्वोर. त्याला तुझं तेच आवडायचं. म्हणायचा, हाल्वोर पुढे पळतो म्हणून तर लोक बघायला येतात, नाहीतर माझ्यासाठी कोण आलं असतं?”

शेजारून आर्नफिन, हाल्वोरचा कायमचा प्रतिस्पर्धी, सपकन खाली गेला.

“जा आता,” आस्लाउग म्हणाली. “मागे मी आहे. रेषेवर कोणीतरी पाहिजे.”

मग हाल्वोर जो सुटला, तसा तो तरुणपणीही पळाला नसेल. शेवटच्या वळणावर त्याने आर्नफिनला गाठलं आणि बुटाच्या टोकाएवढ्या फरकाने तो पहिला आला. कोणीतरी पाठीवर थाप मारली. लोक ऊब घ्यायला सभागृहात गेले. हाल्वोर तिथेच उभा राहिला. घामाने भिजलेली लोकर अंगावर थंड होत होती.

ठरलेली वेळ झाली तशी विग्डिस खांब उपटायला आली.

“राहू दे,” हाल्वोर म्हणाला.

“बैठकीत ठरलंय. तुम्ही होतात की तिथे.”

“होतो. गप्प बसलो होतो. दोघी अजून वर आहेत.”

“आत कपवाटप सुरू होतंय,” विग्डिस म्हणाली. “तुम्ही आत नसलात तर नियम काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.”

“नको.”

तिने एक खांब उपटून आडवा ठेवला होता. त्याने तो उचलून पुन्हा भोकात रोवला आणि त्याला धरून उभा राहिला. विग्डिस आत गेली. कर्ण्यातून त्याचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. मग आर्नफिनचं नाव. हाल्वोरला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मित्रासाठी केलं म्हणजे कपाची हळहळ वाटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी काही जिंकलेलं नसतं.

जरा वेळाने विग्डिस परत आली. हातात तिच्या नवऱ्याचा जाड कोट होता. तो तिने न विचारता हाल्वोरच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी उभी राहिली. तिच्या मागून दोघंतिघं आले, मग पाचसहा, मग सभागृहाचं दार उघडंच राहिलं. आर्नफिन कप काखेत मारून आला आणि हाल्वोरच्या नजरेला नजर न देता पलीकडच्या खांबापाशी थांबला. कोणाची वाट बघायची, असं कोणी विचारलं नाही.

आधी सेलाम दिसली. गलका झाला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, ओरडा कोणासाठी आहे ते बघायला. मागून येणारी आस्लाउग अजून लांब होती. ओरडा आपल्यासाठी आहे हे कळल्यावर सेलामचा तोल गेला आणि ती बरोबर रेषेवर आडवी झाली. चौघांनी मिळून तिला उचललं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. कोणीतरी तिच्या हातात काळ्या बेरीचं गरम सरबत दिलं.

मग आस्लाउग आली. आता कुठेही न थांबता, काही न खरवडता, लांब सारखी पावलं टाकत. स्की अशी सरकत होती की बघणाऱ्याला बरं वाटावं. आणि रेषा एका हातावर आली तेव्हा ती थांबली.

ओरडा विरत गेला. हाल्वोर रेषेजवळ गेला.

“कंबर?”

तिने नाही म्हणून मान हलवली. ती बर्फावर ओढलेल्या रेषेच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होती.

“हे ओलांडलं की संपेल ना रे,” ती म्हणाली. “अख्ख्या वाटेवर मी मागे वळून पाहिलं नाही. मुद्दाम. तो येतोय असंच वाटत होतं.”

सभागृहात जे बोलायचं राहिलं होतं ते आताही आपल्याला बोलता येणार नाही, हे हाल्वोरला समजलं. पण बोलायची गरजही नव्हती.

“मग नको ओलांडूस,” तो म्हणाला. “थांब हवं तेवढं. आम्ही आहोत.”

विग्डिसने हातातली टोपी शर्यतीच्या घड्याळावर ठेवली. उजेड जात होता. घरी जायचं कोणी नाव काढलं नाही.