बाहेरून बसणारा शॉकअप

आमच्या रुग्णवाहिकांच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना सगळे दाबे म्हणत. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून ते जोरात दाबत आणि बघत. एकदा खाली, एकदा वर आणि मग गप्प बसली, तर शॉकअप चांगला.

स्टोअर माझ्याकडे. सामानाच्या यादीत शॉकअपची मी दोनच मापं लिहिली होती, लांबी आणि बोल्टच्या भोकाचा व्यास. बाहेरून बसतं ते चालतं, असा माझा बी.कॉम. समज. त्याच मापांवर या खेपेला एका रुग्णवाहिकेसाठी हलक्या व्हॅनचे शॉकअप आले.

दाब्यांनी एक जुना आणि एक नवा उभा कापून माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊ, हा दट्ट्या बघा आणि हा बघा. बाटलीच्या बुचाएवढा! तेलही निम्मंच. चार खड्ड्यांत तापेल, पातळ होईल, मग गाडी नाचतच राहील."

मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेलो.

"बसतो ना?" साहेबांनी विचारलं.

"बसायला काय, सासऱ्याचा बूटही जावयाला बसतो, साहेब. चालताना कळतं."

"यादीप्रमाणे आलाय, परत जाणार नाही. दुसरे यायला तीन महिने. तोवर गाडी उभी ठेवू का? तुम्हीच सांगा."

दाब्यांच्या थोरल्या बहिणीचा मणका मोडला होता आणि दर गुरुवारी याच गाडीनं तिला उपचारांना न्यावं लागे. गाडी उभी राहिली तर ताई घरीच पडून. निघाली तर प्रत्येक हिसका तिच्या पाठीत. चूक माझी होती आणि निर्णय मात्र त्यांच्या गळ्यात पडला.

त्यांनी स्वतःच्या हातानं चारही शॉकअप बसवले.

गुरुवारी मीही सोबत गेलो. दाबे स्ट्रेचरशेजारी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते उचलून धरत होते. निम्म्या वाटेत त्यांचे दंड थरथरू लागले. मी हात लावायला गेलो, तर स्ट्रेचर माझ्या बाजूला कललं आणि ताई कळवळल्या. मी हात काढून घेतला.

"अरे, मिस्त्री ना तू?" ताई दात आवळून म्हणाल्या. "मग ही एवढी का रे उडते?"

"रस्ता खराब आहे, ताई."

मी खिडकीबाहेर पाहिलं. खड्डे केव्हाच मागे पडले होते. रस्ता गुळगुळीत होता आणि गाडी अजून हलतच होती.