तलाव रिकामा केला त्या वर्षी

महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणायची. गळ्यात शिट्टी, बाह्या दुमडलेला सदरा, आणि आवाज असा की बुडी मारलेलं पोरही दचकून वर यावं. तलाव फुकट होता. शाळा सुटली की मागच्या वस्तीतली पोरं दप्तरं भिरकावून धावत यायची. हातपाय मारणं बाई नंतर शिकवायच्या. आधी पाठीवर पडून तरंगायचं. "घाबरलात तर धडपडायचं नाही," त्या बजावायच्या. "पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, आभाळाकडे बघा. मी येते."

त्या पोरांत एक आठ-नऊ वर्षांची महावात्रट मुलगी होती. पायऱ्या तिला माहीतच नव्हत्या, काठावरून थेट उडी. तिचं नाव पडलं बेडकी. तरंगायला ती सगळ्यांच्या आधी शिकली, हात मारायचा मात्र कंटाळा. "उद्या शिकते ना, बाई!" बाईही हसून म्हणायच्या, "बरं, उद्या."

शहरात येणाऱ्या मालावर महापालिका वेशीवरच जकात घ्यायची आणि शहराचा बराचसा गाडा त्यावर चालायचा. राज्य सरकारनं एका फटक्यात ती रद्द केली. नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा संपल्या, व्यापारी खूश झाले, आणि यात कुणाचं काही बिघडलं असं कुणालाच वाटलं नाही. बुडालेलं उत्पन्न आम्ही भरून देऊ, असं सरकार म्हणालं होतं. पहिल्या वर्षी दिलं. दुसऱ्या वर्षी उशिरा दिलं. पुढे कमी दिलं, तेही उशिरा. महागाई तेवढी वेळेवर येत राहिली.

एके दिवशी महापालिकेचे लेखापाल तलावावर आले.

"बाई, पंप बंद करावा लागणार."

"आणि पोरं कुठे जातील?"

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पूर्वी आपली कमाई आपल्या हातात होती, कमी पडलं तर वाढवता यायची. आता मागायला जायचं आणि देतील ते पदरात घ्यायचं. पाणी, कचरा, पगार, एवढं भागलं तरी गंगेत घोडं न्हालं. तलाव कुठे बसवू?"

माणूस वाईट नव्हता. बोलताना तो पाण्याकडे बघत नव्हता, एवढंच.

पाणी सोडून दिल्यावर बाई एकदा तळाशी उतरल्या. निळ्या फरशीवर त्यांच्याच पावलांचा आवाज चारी भिंतींवरून उलटून आला. मागून कुणीतरी लहान पावलांनी येतंय असं वाटून त्या वळल्या. कुणी नव्हतं.

महापालिकेच्या हातात आता घरपट्टीच काय ती उरली होती. ती वाढवली, आणि वसुलीला माणसं कमी पडली म्हणून रिकाम्या झालेल्या बाईंना तिकडे टाकलं. थकबाकीदारांच्या दारावर नोटीस चिकटवायची, हातात गोंदाचा डबा आणि ब्रश. त्यांचा नवरा शिंपी होता. तो म्हणायचा, "शिट्टी गेली, ब्रश आला. उद्या शहराची रंगरंगोटीही तुझ्याच गळ्यात मारतील." बाई हसायच्या.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. वस्तीमागच्या जुन्या दगडाच्या खाणीत मुलगी बुडाली. नाव छापलं होतं, पण बाईंना पोरांची खरी नावं कुठे ठाऊक होती? विचारायला जाता आलं असतं. त्या गेल्या नाहीत.

काही आठवड्यांनी नोटिसांचा गठ्ठा घेऊन त्या त्याच वस्तीत गेल्या. एका दारावर ब्रश फिरवणार, तोच दार आतून उघडलं. समोर एक अनोळखी बाई उभी होती, हातात गरम इस्त्री, मागे लोकांच्या कपड्यांचा ढीग. ढिगावरच्या भिंतीवर बेडकीचा फोटो होता. शाळेचा गणवेश, केस चापून बसवलेले, ओळखू न येण्याइतकी शहाणी दिसत होती.

"तुम्ही शिट्टीबाई ना?" बेडकीची आई म्हणाली. "या, आत या."

शिट्टीबाई आत गेल्या नाहीत. त्या उंबऱ्यातच बसल्या. आईनं इस्त्री बाजूला ठेवली, पाणी आणून दिलं. बाईंनी पेला नुसता धरून ठेवला.

"तिनं धडपड केली नाही म्हणे," आई सांगू लागली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. "बरोबरची पोरं घाबरून माणसं बोलवायला पळाली. वळून बघितलं तेव्हा ही पाठीवर पडून तरंगत होती, शांत. वाट बघत असल्यासारखी. वस्ती लांब आहे हो. माणसं पोचेपर्यंत..." ती थांबली. "तुम्ही छान शिकवलं होतंत तिला."

बाई तशाच उठल्या. नोटीस पिशवीत परत गेली.

"का नाही चिकटवली?" कचेरीत साहेबांनी विचारलं.

"दार ओलं होतं," बाई म्हणाल्या. "गोंद धरेना."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी जाऊन ती चिकटवली.

तेव्हापासून बाईंनी डोक्यावरून पाणी घेणं सोडलं. कान पाण्यानं भरले की आत कुणीतरी हाक मारायचं, ओरडून नव्हे, वर्गात हात वर करावा तसं, "बाई." नवरा न्हाणीघराच्या दारावर थाप मारायचा, "अगं, झोपलीस का आत?" त्याला काय सांगणार?

शेवटी त्यांनी एक लांब दोर विकत घेतला आणि कचेरी सुटल्यावर खाणीवर जाऊ लागल्या. पोरं तिथे होतीच; एक गेलं म्हणून उन्हाळा काही थांबत नाही. बाईंनी शिकवणं उलटं केलं. आधी काठाकडे यायचं, हात मारत, कसंही, कुत्र्यासारखं का होईना. तरंगणं त्या शिकवेनात. पोरं विचारायची, "पाठीवर कधी पडायचं?" बाई शिट्टी फुंकायच्या.

पुढे महापालिकेनं तलाव भरून टाकला आणि तिथे वाहनतळ केलं. वाहनतळाचे पैसे येतात.

एका संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर बेडकीची आई खाणीवर आली. कपडे होते तेच, पदर खोचलेला.

"मला तरंगायला शिकवा."

"नको," बाई म्हणाल्या. "हात मारायला शिकवते."

"हात मारून काय करू? मला कुठे जायचंय?" ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तिला शेवटी काय दिसत होतं, तेवढं मला बघायचंय."

बाईंनी खूप आढेवेढे घेतले. मग कमरेला दोर बांधून दोघी कडेच्या उथळ पाण्यात उतरल्या. आई पाठीवर पडली. तिच्या पाठीखाली बाईंचा तळवा होता, आणि पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. हळूहळू ती सैल पडली. केस पाण्यात पसरले.

"हात काढा," ती म्हणाली.

बाईंना हात काढवेना. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यांनी काढला.

आई तरंगत राहिली. वर खाणीच्या कड्यांनी कापलेला आभाळाचा तुकडा होता, त्यात पक्षीही नव्हता.

"बाई," ती आभाळाकडे बघतच म्हणाली, "इथून काठ दिसतच नाही हो."

"मी आहे इथे," बाई म्हणाल्या. पण तिचे कान पाण्याखाली होते. बाईंनी आपला हात पुन्हा तिच्या पाठीखाली नेला.