तंजावर सोडून सगळं जिंकलं

चार माणसं एका कॉम्प्युटरभोवती बसली की काम एकच जण करतो, बाकीच्या तिघांकडून किस्से तयार होतात. आमच्याकडे असे दोन वर्षांचे साठलेत. आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावरचे मराठी, घरात मराठी बोलतो आणि लिहितो तमिळ. नोकरीसाठी पुण्याला आल्यावर मी देवनागरी लिहायला शिकलो, म्हणून हे कागदावर उतरतंय. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे धास्ती नाही.

नव्वदीच्या मधली वर्षं. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत सेतूने घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर सेंटर काढलं. मशीन एक, विद्यार्थी तीन. सेतूचे अप्पा ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पोंगलपर्यंत मुदत दिली होती. तोवर दहा विद्यार्थी आले तर ठीक, नाहीतर खोली टेलरला द्यायची आणि सेतूने मामाच्या राइस मिलमध्ये बसायचं. सेतूला कोंड्याने शिंका येतात. मिलच्या नुसत्या नावानेही येतात.

त्या मशीनवर एक गेम होता. सतराव्या शतकातला हिंदुस्थान. एक चाल आपण खेळायची, मग बाकीचे राजे आपापली चाल खेळणार. गेम बेंगळुरूहून फ्लॉपीवर कॉपी करून आलेला, त्यामुळे त्यातलं ‘सेव्ह’ चालत नसे. क्लास दहाला सुटे आणि अकराला रोज वीज जाई. म्हणजे हिंदुस्थान जिंकायला एक तास. आम्ही झटपट जिंकायला शिकलो ते हुशारीने नव्हे!

*

आमच्यात एक मुरुगेसन. हा तमिळ, मोपेडचे स्पेअर पार्ट विकणारा. लहानपणापासून आमच्या घरांत वावरल्यामुळे आमच्या मुलांपेक्षा बरी मराठी बोलतो.

मुरुगेसन कधी शहरावर हल्ला करत नसे. पहिल्याच चालीत सगळी फौज घेऊन वरच्या डोंगरात जायचा आणि नदीच्या उगमावर तंबू ठोकून पाणी अडवायचा. खाली राजे एकमेकांशी लढत असायचे. आठव्या चालीला त्यांची शेतं वाळायची, दहाव्या चालीला ते शरण यायचे. मी विचारलं, हे कुठल्या युद्धशास्त्रात लिहिलंय?

“शास्त्र कशाला?” तो म्हणाला. “अम्चे गांवाला असंच करतात.”

त्याचं गाव कावेरीच्या कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे.

*

दुसरा मधू, दुपारच्या शाळेत इतिहास शिकवणारा. आमच्यात सगळ्यात हळू. कारणाशिवाय युद्ध पुकारायला त्याला लाज वाटे. शेजारच्या राजाने काहीतरी आगळीक करावी म्हणून तो पंधरा-पंधरा चाली वाट बघत बसे.

एकदा उत्तरेकडून मोठी फौज त्याच्या राजधानीवर चालून आली. आम्ही ओरडत होतो, दरवाजे बंद कर, तोफा वर चढव. मधू हाताची घडी घालून स्वस्थ. हा सरदार या सालाच्या आधीच वारला, असं त्याचं म्हणणं. वारलेल्या सरदाराने दोन चालींत राजधानी घेतली. मधू शांतपणे उठला, शाळेत गेला आणि मुलांना तोच धडा पुन्हा शिकवला.

*

एका सकाळी सेतू दिल्लीच्या दाराशी पोचला आणि घड्याळात अकराला दोन मिनिटं कमी. बाहेर वीज तोडायला खांबावर लाइनमन चढलेला. सेतू धावत गेला आणि खालूनच म्हणाला, पाच मिनिटं द्या, दिल्ली पडतेय.

लाइनमनने वरून चौकशी केली, कोण पाडतंय. सेतू म्हणाला, मी. लाइनमनने थोडा विचार केला आणि खांबावरच बसून विडी पेटवली. ती संपेपर्यंत दिल्ली पडली. दुसऱ्या दिवशी तो येऊन नाव नोंदवून गेला. विद्यार्थी चार झाले.

*

पोंगलच्या आधल्या आठवड्यात तिरुचीच्या एका डीलरने याच गेमची स्पर्धा ठेवली. पहिल्या येणाऱ्या सेंटरला दुसरं मशीन. दोन मशीन दिसली की विद्यार्थी येतील, अशी सेतूची आशा होती. आम्ही चौघंही बसने गेलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नकाशात तंजावरही होतं. आमच्यापैकी कोणीही ते कधी घेतलं नव्हतं. बाकीचं सगळं हाती आलं की आम्ही ‘जिंकलो’ म्हणायचो आणि मशीन बंद करायचो. मुरुगेसननेही कधी हरकत घेतली नाही. तिरुचीच्या परीक्षकांना ही रीत ठाऊक नव्हती.

सेतू सगळ्यांच्या पुढे होता. एकच शहर उरलेलं, बारा तोफा वेशीला लावलेल्या, आत शिबंदी नावालाच. एक बटण दाबायचं होतं. सेतूने चाल सोडून दिली. मग आणखी एक सोडली. तिसरी सोडली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मुलगा जिंकला. परीक्षकांनी काळजीने विचारलं, कीबोर्ड बिघडला का?

“नाही सर,” सेतू म्हणाला. “तिथं अम्हे राहतों.”

आम्ही परतीची बस धरली. सेतू दोनदा शिंकला. मला फार वाईट वाटलं.

*

घरी अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, “आधीं त्यांला कागद पाठविला काय?”

सेतूने सांगितलं, अप्पा, त्यात कागद नसतो, तोफा असतात. अप्पा म्हणाले, राज्य म्हटलं की कागद असतोच.

पोंगल झाल्यावर सोमवारी सकाळी ते चष्मा लावून मशीनसमोर बसले. नवा डाव. तोफांकडे पाहिलंसुद्धा नाही. फाइल चाळावी तसा त्यांनी स्क्रीन वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तपासला. एका कोपऱ्यात घोडेस्वाराचं चित्र होतं. ते दाबलं की गेम बंद होतो, अशी आमची दोन वर्षं समजूत. अप्पांनी दाबलं. तह, सोयरीक, खंडणी, अशी यादी उघडली. त्यांनी तंजावरला सोयरिकीचं पत्र धाडलं. पुढच्याच चालीला तंजावर आमच्यात आलं. मग मदुरै आलं. मग जिंजी. साडेदहापर्यंत एकही गोळा न उडता कृष्णेच्या खालचा सगळा मुलूख सोयरा झाला. मधू वहीत लिहून घेत होता.

तेवढ्यात खोलीचं माप घ्यायला टेलर आला. टेप काढून तो दाराशी उभा राहिला. सेतूने आवराआवरीला म्हणून खिळ्यावरचं कॅलेंडर काढून हातात घेतलं.

अप्पांनी मान वर केली नाही.

“त्यांला सांग, खोली मिळणार नाही,” ते सेतूला म्हणाले. “दिल्लीला अजून लिहायचं आहे.”