मालगुंडला उतरलात का?

द्वारकाताई मयेकर यांची आणि माझी पहिली भेट रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीपाशी झाली. खिडकीच्या आत त्या, बाहेर मी. ताई तेव्हा वाहतूक नियंत्रक होत्या. गाड्यांच्या नोंदी करायच्या, माइकवरून फलाट सांगायचे आणि त्याच त्या प्रश्नांना दिवसभर न चिडता उत्तरं द्यायची, हे त्यांचं काम. मी एका पतपेढीत नोकरीला होते, नवीन म्हणावी अशी सून होते आणि सासूबाईंच्या नवसापायी दर संकष्टीला गणपतीपुळ्याला जात होते. त्या दिवशी गाडीला उशीर झाला म्हणून विचारायला गेले.

"दर महिन्याला दिसता," ताई म्हणाल्या. "पुळ्याला जाता ना? समुद्रात पाय घातलेत का कधी?"

"वेळ कुठे असतो? दर्शन घ्यायचं, प्रसाद घ्यायचा आणि परतीची गाडी गाठायची."

"हीच गाडी पुढे मालगुंडला जाते. पुढच्या खेपेला देवळाकडे उतरू नका. पुढे जा."

"मालगुंडला माझं कोण आहे?"

"कोणी नाही म्हणून तर सांगत्ये," असं म्हणून ताईंनी माइक तोंडाशी ओढला आणि लांज्याच्या गाडीचा फलाट सांगायला घेतला. मला राग आला. ओळख ना पाळख, आणि ही बाई मला देव सोडून पुढे जायला सांगते!

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीच्या सचिवांनी मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. मी रोज लिहायला बसते आणि उठते. अंगणात जाते, उगाच नळ बंद आहे का बघते, परत येते. सचिवांना वाटतं, मी आळस करते आहे. आळस नाही. पंच्याहत्तरीच्या समारंभात आपण आपली वही माझ्या हाती देणार, असं ताईंनी मला न विचारताच जाहीर करून टाकलं आहे. त्या वहीत ताईंनी प्रवासाला धाडलेल्या आमच्या गटातल्या प्रत्येक बाईचं नाव आहे, ती पहिल्यांदा एकटी कुठे गेली ते आहे, आणि पुढे जगात कुठे कुठे गेली ते आहे. ही वही मी घ्यावी की नाही, हा प्रश्न मला बसू देत नव्हता. का, ते सांगतेच. पण आधी ताईंविषयी.

ताईंचे यजमान बोटीवर होते. आपल्याकडे अशी घरं पुष्कळ. घरातल्या पुरुषाने सगळ्या जगाची बंदरं बघितलेली आणि बायकोला ती साबणाच्या वड्यांवरून नि ब्लँकेटांवरून ठाऊक. यजमान सुट्टीवर आले की ताई विचारायच्या, "गाव कसं आहे तिथलं?" ते म्हणायचे, "बंदरासारखं बंदर. त्यात काय बघायचंय?" त्यांच्या बोलण्यात आफ्रिकेतल्या मोम्बासाचं नाव सारखं यायचं. एसटीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी ताई एकट्या मोम्बासाला जाऊन आल्या. सगळा गाव म्हणाला, बाईचं डोकं फिरलं. परत आल्यावर चहाचा कप यजमानांच्या हातात देत ताई एवढंच म्हणाल्या, "बंदराच्या मागे गाव आहे हो. मोठं आहे. तुम्ही सांगितलं नव्हतंत." यजमान नंतर हे वाक्य सगळ्यांना स्वतःच हसत सांगत असत.

त्यानंतर ताईंकडे बायका येऊ लागल्या. पासपोर्टचा अर्ज कसा भरायचा, एकटीने हॉटेलात खोली कशी घ्यायची, विमानतळावर कोणाला काय विचारायचं. ताईंनी कोणाला नाही म्हटलं नाही, पण एक अट घातली आणि ती आजवर कोणासाठी सैल केली नाही. परदेश राहू दे बाजूला. आधी एक दिवस एकटीने अशा जागी जायचं, जिथे आपलं कोणी नाही. देव, नातलग, दवाखाना आणि खरेदी, या चार कारणांनी बाई घराबाहेर पडते. ही चारही कारणं सोडून जायचं. घरी स्पष्ट सांगायचं, मी फिरायला जाते आहे. येताना हात रिकामे. नाहीतर पिशवीभर काहीतरी आणून घरच्यांना लाच दिल्यासारखं होतं, असं ताईंचं म्हणणं. जिच्या पायाखालचा रस्ता जिथे संपतो, तिथून पुढचा थांबा ताई तिला नेमून देत.

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? तुमच्या घरात हे वाक्य बोलून बघा. "नवस फेडायला जाते" म्हटलं की सगळं घर डबा भरून देतं. "फिरायला जाते" म्हटलं की तेच घर विचारतं, बरं वाटत नाही का तुला?

नाटे गावच्या शेवंताबाई मात्र या परीक्षेत एका दमात पास झाल्या. मासळी विकणारी बाई. त्यांना बर्फ बघायचा होता. ताईंनी विचारलं, "रोज मासळीवर टाकता तो पुरत नाही?" तर म्हणाल्या, "तो पेटीतला. माका जमिनीवर पडलेलो बघूचो हा." घरी त्यांनी सांगितलं, "बरफ बघूक जातंय, चार दिवस चूल तुमी बघा," आणि निघाल्या. पुढे हिमाचलात बर्फात उभं राहून त्यांनी ताईंना फोन केला आणि बर्फ कसा आहे हे सांगायच्या ऐवजी, एवढा फुकट पडलाय आणि मासळी एक नाही, म्हणून हळहळल्या.

ताईंची दुसरी परीक्षा बॅगेची. प्रवासाच्या आठ दिवस आधी बॅग पूर्ण भरायची आणि ती उचलून स्टँडपासून मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जायचं. ताई बरोबर चालत, पण हात लावत नसत. वाटेत ज्या वस्तूचा राग येईल ती जेटीवर बाहेर काढायची. मी स्वतः तिथे एक इस्त्री, दोन डबे लाडू आणि एक जाडजूड पोथी बाहेर काढली आहे. ताई पोथीकडे बघून म्हणाल्या, "ही पाठ आहे ना तुम्हाला? मग ओझं कशाला?"

ताई आम्हा सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात. कॉलेजच्या मुलींनाही. प्रवासाला निघालेल्या बाईला एकेरी हाक मारायची नाही, असा त्यांचा नेम आहे. आणि गटातली कोणी बाहेर असली की ताईंचा फोन विहिरीवरसुद्धा त्यांच्या बरोबर असतो. आमच्यातल्या एक शिक्षिका हनोईत चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि भलत्याच ठिकाणी उतरल्या. रडत त्यांनी ताईंना फोन लावला. मी तेव्हा ताईंच्या पडवीत पासपोर्टचे अर्ज भरत होते. ताईंनी 'कशा चुकलात' म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, "आधी पाणी प्या. प्यायलात? आता आजूबाजूला बघा. आपल्या कामात असलेली एखादी बाई दिसते का? दुकान झाडणारी, भाजी निवडणारी? तिच्याकडे जा, हॉटेलचं कार्ड दाखवा. जी आपणहून मदतीला धावत येईल, तिच्याकडे नको. आपण निवडायचं." अर्ध्या तासाने शिक्षिका हॉटेलात पोचल्या. मग ताई उठल्या आणि उभ्या उभ्याच दोन पेले पाणी घटाघटा प्यायल्या. त्यांनाही भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्या जास्तच आवडायला लागल्या.

आता माझं. मी ताईंकडे आले तेव्हा त्यांनी वही उघडली आणि न विचारता लिहिलं, मालगुंड. खिडकीपाशी सांगितलेलं त्या विसरल्या नव्हत्या. मी घरी गेले, वाक्य तोंडात घोळवलं आणि सासूबाईंसमोर उभी राहून म्हणाले, "उद्या पुळ्याला जाऊन येते." दुसऱ्या दिवशी गाडी देवळापाशी थांबली आणि सवयीने उतरले. दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, परत आले. ताईंनी विचारलं, "मालगुंडला उतरलात का?" मी म्हटलं, "हो." "काय पाहिलंत?" म्हटलं, "समुद्र." "कोणी काही विचारलं?" "नाही, कोणी काही नाही विचारलं." ताई माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

तेव्हापासून मी त्यांचा उजवा हात आहे. किती जणींना मी ठणकावून सांगितलं, घरी खरं सांगा, देवाला मध्ये आणू नका! आणि मी स्वतः? गटाबरोबर काठमांडूला गेले, घरी सांगितलं पशुपतिनाथ. बालीला गेले, घरी सांगितलं तिथे फार देवळं आहेत. सिंगापूरलासुद्धा मी देवीचं देऊळ शोधून काढलं आणि तिथला अंगारा आणून सासूबाईंच्या कपाळाला लावला. माझ्यासारखी भाविक सून नाही, असं आमच्या आळीत बोललं जातं. लाज वाटते मला. फार लाज वाटते.

म्हणून ताईंनी वहीचं जाहीर केल्यावर माझी झोप उडाली. खोट्यावर उभी राहून ती वही कशी घ्यायची? ताईंकडे जाऊन कबूल करावं, तर पंच्याहत्तरीच्या तोंडावर त्यांना हे ऐकवायचं? शेवटी गेल्या मंगळवारी सकाळी, चहा गाळता गाळताच बोलून टाकलं.

"आज मी मालगुंडला जाते आहे."

सासूबाईंनी विचारलं, "कुठच्या देवाला गो?"

"कोणत्याच नाही. फिरायला."

"फिरायला म्हणजे?"

"फिरायला म्हणजे फिरायला. एकटीच. आणि येताना काही आणणार नाही."

आमच्या यजमानांनी पेपर खाली घेतला. सासूबाईंनी चहाचा कप जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मी पण कधी उतरल्ये नाही हो तिथे. गाडी पुढे जाताना बघितल्येय." याहून जास्त काही झालं नाही. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते, देव जाणे.

गणपतीपुळ्याला गाडी थांबली तेव्हा सगळी गाडी उठली. मीही अर्धी उठले होते. बाजूचा बार धरून परत बसले. कंडक्टरने वळून बघितलं, पण गाडी निघाली.

मालगुंडला उतरून दहा पावलं चालले असेन. एका अंगणात एक बाई आमसुलं वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कोणाकडे आलाव?"

मी म्हटलं, "कोणाकडेच नाही."

"मग कशाला आलाव?"

"बघायला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बसा. पाणी देत्ये." मी त्यांच्या पडवीत बसले, कोकमाचा वास घेतला, पुढे खाडीपर्यंत गेले, समुद्रात पाय घातले. बसथांब्याकडे परतताना आणखी दोघींनी तेच विचारलं, कोणाकडे आलाव? आणि तिथे उभी असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मालगुंडला परकी बाई उतरेल आणि तिला कोणी काही विचारणार नाही? कोकणात असं कुठलं गाव आहे? ताईंना तेव्हाच, त्या "बरं"च्या वेळीच कळलं होतं. इतकी वर्षं त्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही, कामं सांगितली, विश्वास टाकला, आणि वाट बघितली.

समारंभात ताईंना शाल मिळेल, श्रीफळ मिळेल, भाषणं होतील आणि ताई कधी एकदा संपतंय म्हणून चुळबुळत बसतील, हे मी आत्ताच सांगून ठेवते. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळे असेच तीक्ष्ण राहोत, आणि शंभरी ओलांडतानाही त्यांच्या पडवीत कोणी ना कोणी कोरा अर्ज घेऊन बसलेली असो. वही मी घेईन, ताई. पण घेण्याआधी, सगळ्यांसमोर, मला तो प्रश्न पुन्हा एकदा विचारा. कोणी काही विचारलं का, म्हणून विचारा.

विचारलं, ताई. तिघींनी विचारलं.