गोडाऊनमागची माती

आमच्या गावच्या सोसायटीचं गोडाऊन बंद पडून बारा-एक वर्षं झाली. पत्रे गंजले, दाराला कुलूप राहिलं आणि कडीच निखळून पडली. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो नेणाऱ्या पिकअप रोज त्याच्यासमोरून जातात, पण तिकडं कुणी बघत नाही. मी मात्र कधी न बघता गेलो नाही. गोडाऊन चालू होतं तेव्हा मी तिथं स्टोअरकीपर होतो. खत, बियाणं, औषधं, सगळ्याच्या किल्ल्या माझ्या कंबरेला असायच्या.

औषधं म्हणजे फवारणीची. विषाला औषध म्हणायची आमच्याकडं पद्धतच आहे, त्यानं मनाला बरं वाटतं.

सोसायटी गुंडाळली तेव्हा मुदत संपलेले तणनाशकाचे डबे उरले होते. ते परत पाठवायचे तर चार कागद रंगवायचे, चार जणांच्या पाया पडायचं. खड्ड्याची कल्पना माझीच. चेअरमननी फक्त मान हलवली. ते आता हयात नाहीत, त्यामुळं सगळं त्यांच्या नावावर ढकलायचा मोह मला बरेचदा होतो. एका दुपारी सगळं गाव यात्रेत असताना आम्ही दोघांनी गोडाऊनमागं खड्डा घेतला, डबे टाकले, माती ओढली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी हात धुताना म्हणालोसुद्धा.

पुढं डबे गंजले असणार. मागच्या अंगणात गवत उगवायचं बंद झालं. पावसाळ्यात सगळं शिवार हिरवं व्हायचं, तेवढा तुकडा उघडा राहायचा. लोकांना त्याचं काही वाटलं नाही. उलट जागा स्वच्छ राहते म्हणून तिथं पापड वाळत घालायला लागले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारची सून टोपली घेऊन तिथं आली. लग्नानंतरचं तिचं दुसरंच वर्ष. घटाला खरं तर आपल्या रानातली काळी माती आणतात, पण त्यांच्या रानात पावसानं नुसता चिखल झाला होता. मी रस्त्यानं चाललो होतो. तिनं मला थांबवून विचारलं, "मामा, हितली माती नेऊ का घटाला? लई चांगली हाय, गवताची एक काडी न्हाई तिच्यात."

माती खरंच चाळून ठेवल्यासारखी दिसत होती. नको म्हणालो असतो तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मी म्हणालो, घे की, गावचीच जागा आहे. वर टोपली तिच्या डोक्यावर चढवायला हातही लावला.

दसऱ्याला सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. एरवी घटाचं कोवळं पिवळं धान उपटून आधी देवाला वाहतात, मग गड्यांच्या टोपीत खोवतात. त्यांच्या देव्हाऱ्यापुढं पत्रावळीवर नुसती ओली माती होती. सात धान्यं पेरलेली, एकालाही कोंब नव्हता. तिची सासू मला सांगायला लागली की हिनं सोवळं पाळलं नसणार, हिच्या हाताला यश नाही, आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. सून चुलीपाशी पाठमोरी बसलेली. तिनं एकदा वळून माझ्याकडं बघितलं. मी आपट्याची पानं सासूच्या हातावर ठेवली, चहा प्यालो आणि घरी आलो.

त्यानंतर तिला घट बसवू दिले नाहीत. तो मान धाकट्या जावेला गेला. सुनेला दिवस गेले आणि राहिले नाहीत, तेव्हाही बायका त्या घटाचीच आठवण काढायच्या. मी ऐकायचो आणि दुसरा विषय काढायचो.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावातल्या पडक्या, बेवारशी जागा हुडकायच्या आणि कामाला लावायच्या. जुन्यातला माहीतगार म्हणून मला कमिटीत घेतलं. प्रत्येक जागेचा एक कागद होता. गोडाऊनच्या कागदावर 'पूर्वीचा वापर' या रकान्यात मी लिहिलं, खत साठवण. खाली 'काही धोका असल्यास' असा रकाना होता. तिथं मी 'नाही' लिहिलं, माझ्या वळणदार अक्षरात, आणि सही केली. माझ्या अक्षराचं गावात फार कौतुक आहे.

जागा अंगणवाडीला मिळाली. भूमिपूजनाला पहिली कुदळ मारायचा मान कमिटीतला थोरला म्हणून मला. फक्कीनं आखलेल्या रेषेचा एक कोपरा बरोबर त्या खड्ड्यावर आला होता. शेजारची सूनच आता अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरांना रांगेत बसवून ती नारळाचं ताट धरून उभी होती. भाषण लांबलं तशी पोरं कंटाळली आणि ती मऊ माती मुठीत भरून एकमेकांच्या डोक्यावर टाकायला लागली. एकीनं बोटं चोखली.

मी कुदळ खाली ठेवली. "पोरं उठवा," म्हणालो. "हितं खणू नका. हितं मी औषधाचे डबे पुरलेत."

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. काम थांबलं, मातीचे नमुने तपासायला गेले. ती माती उचलून न्यावी लागणार, तोवर अंगणवाडी देवळाच्या ओवरीत भरते. काही लोक मला बोलले, काही बोलायचेच बंद झाले. दोन्ही रास्तच आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळायला मला इतकी वर्षं लागली, आणि तोवर दुसऱ्याच कुणाचा तरी उजेड गेला.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची सून आमच्या अंगणात आली. मी बोलायला लागलो तर तिनं हातानंच थांबवलं.

"मला नगा सांगू, मामा. आत्याबाईंना सांगा."

तिच्यामागून गेलो. सासू आता अंथरुणाला खिळलेली आहे, माणसं ओळखत नाही, स्वतःच्या लेकाला पावणं म्हणते. मी उशाशी बसून सगळं सांगितलं. डबे, खड्डा, टोपली. माती वाईट होती, सुनेचा हात नव्हे, हे तीनदा सांगितलं, दर वेळी आवाज चढवून. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझा हात धरून, घरातली खासगी गोष्ट सांगावी तशा हलक्या आवाजात म्हणाली, "पावणं, औंदा घट धाकटीनं बसवायचं. थोरलीच्या हाताला उगवत न्हाई."

सगळं विसरलेल्या बाईला तेवढंच आठवत होतं. थोरली पलीकडं उभी राहून ऐकत होती. आत जाऊन तिनं चहा ठेवला आणि पहिला कप मला आणून दिला.