पहिली कुदळ

बापूकाका कुणालाही भेटले की आधी आजोबांचं नाव विचारायचे आणि मग डोळे मिटायचे. झाशीपासून तासाभरावरच्या त्यांच्या गावात मी शाळेवर रुजू झाले, त्याच दिवशी गणपतीच्या देवळाशी त्यांनी मला अडवलं. ते तिथले पुजारी. गावात मराठी घर त्यांचं एकट्याचंच उरलेलं, त्यामुळे मी झाशीच्या खंडेराव गेटची, मराठी घरातली, हे कळल्यावर चेहरा खुलला. आजोबांचं नाव ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं, मग तू तर घरचीच निघालीस! आपल्या बावडीची पहिली कुदळ तुझ्या पणजोबांची. जा, पाणी पी आधी."

बावडी म्हणजे देवळामागची पायऱ्यांची विहीर. सगळं गाव तिच्यावर. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "असेल बाई. आपल्याकडे कुणी कुदळ धरल्याचं ऐकलं नाही." मला मात्र भारीच वाटलं. वैशाखात पाणी तळाला गेलं आणि गाव गाळ काढायला उतरलं, तेव्हा मीही पदर खोचून घमेली उचलली. पुढे सतरा वर्षं एकदाही चुकवलं नाही.

माणूस खोटं बोलणारा नव्हता, हे आधीच सांगते. नैवेद्यात पेढा कमी भरला तर भर आरतीत "हमने खाया, भूख लगी थी" म्हणून मोकळे. गावाची हकिकत मी त्यांच्याकडून एका वहीत उतरवून घेत असे. एकदा विचारलं, "काका, बावडीत तुमच्या घराण्यानं काय केलं?"

"आम्ही? आम्ही पाणी प्यायलो."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. अजून देवळावरून जाताना पाय अडतो. मग प्रधानजींनी, म्हणजे गावच्या सरपंचांनी, ठरवलं, बावडी खोदणाऱ्याच्या नावाचा दगड लावायचा. माझ्या वहीच्या भरवशावर मला म्हणाले, "बहनजी, कॉपी लेके आइए. नाम आप ही बता दीजिए."

शाळेच्या ओसरीत बैठक बसली. मी वही उघडायच्या आत हल्केभाई उठले. "इसमें देखना क्या है? पहली कुदाल हमारे दादा की. बापू महाराज ने खुद बताया, आंखें मूंदके."

"तुम्हारे काहे के? हमारे ससुर के बाप की!" रामदेईकाकी कडाडल्या. गफूरचाचा तर शपथ घ्यायला तयार. एकेक करत सगळी ओसरी उभी राहिली.

मला काही सुधरेना. वही उघडली, तर तिच्यात माझ्याच पणजोबांचं नाव! काका विसरत होते? की सतरा वर्षं मला बनवलं? का यातलं एखादं खरंही होतं? राग आला, आणि गेलेल्या माणसावर राग आला म्हणून स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात हल्केभाई म्हणाले, "पत्थर पे जिसका नाम, कीचड भी वही निकाले. हम नहीं उतरेंगे." बाकीच्यांनीही माना हलवल्या. एक वर्ष गाळ राहिला की झरे बुजतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी वही मिटली. "लिखावट समझ में नहीं आ रही," म्हटलं. अक्षर माझंच होतं.

दगड कोराच देवळाला टेकवून ठेवला. वैशाखात झाडून सगळे आले, हल्केभाई सगळ्यांच्या आधी. आपला हक्क कोण सोडतंय! मी मात्र घमेलं घेऊन चौथ्या पायरीवर थांबले. आपण इथे का उतरतोय, तेच कळेना.

वर काठावर एक बाई उभी होती. वीटभट्टीच्या कामासाठी ललितपूरकडून नुकतंच आलेलं बिऱ्हाड. ती संकोचून म्हणाली, "बहनजी, हम तो बाहर के हैं. हम उतरें कि नहीं?"

"तुम्हारे दादा का नाम क्या था?" मी तिच्या आजोबांचं नाव विचारलं.

तिनं सांगितलं. माझे डोळे आपोआप मिटले.