झाडाला टांगलेले देव

१० मे, रविवार. सकाळी मशीनला कपडे लावायला घेतले. आदल्या दिवशीच्या प्रवासातले चौघांचे कपडे, धुळीने आणि मळाने माखलेले. मला कपडे धुण्याची घाई नव्हती. प्रत्येक खिसा, प्रत्येक शिवण तपासायची होती, कारण आमचे देव हरवले होते आणि ते कोणी लपवले हे मला जवळजवळ ठाऊक होतं.

पेठच्या पुढे डोंगरात आमचं कुलदैवत आहे. दर तीन वर्षांनी घरच्या देव्हाऱ्यातले चांदीचे पाच टाक तिथे भेटीला न्यायचे, अशी आमच्याकडे पद्धत. टाक तांदळावर ठेवून डब्यात भरायचे, डबा लाल पिशवीत, आणि पिशवी घरी येईपर्यंत जमिनीला लागू द्यायची नाही. वाटभर कोणाच्या तरी मांडीवर. यंदा नवऱ्याला कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. सासूबाई, दीर, धाकटी जाऊ आणि मी असे चौघे गेलो.

जाताना जावेने विषय काढला. अंबडजवळ त्यांचा नवा फ्लॅट झालाय, तर देव एक वर्ष तिच्याकडे असावेत. सासूबाई माझ्याकडे पंचवटीत राहतात आणि देवही तिथेच, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. मी ते लक्षात ठेवलं.

भेट नीट झाली. परतताना घाटाच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. दिराने डिकीतून स्टेपनी काढली तर तीही बसलेली. निघताना मी त्याला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने "बघितली वहिनी" म्हणून सांगितलं होतं. पाण्याचा कॅन देवळाच्या पायरीवर राहिला, हेही तेव्हाच कळलं. एका पिकअपला हात करून तो टायर घेऊन गेला आणि आम्ही तिघी रस्त्याकडेच्या आंब्याखाली सतरंजी टाकून दोन तास बसलो. पिशवी जावेच्या मांडीवर होती. मी मधे फोनला रेंज शोधत वळणापर्यंत जाऊन आले. दीर आला, टायर बसला, उकाड्याने सगळे वैतागलेले, घाईने गाडीत बसलो.

पंचवटीत पोहोचून देव्हारा पुसला, दिवा लावला आणि पिशवीसाठी हात पुढे केला. पिशवी नव्हती.

गाडीची सीटं उचलून झाली. जाऊ म्हणाली, झाडामागे जाताना तिने पिशवी आईंकडे दिली होती. सासूबाई ठामपणे म्हणाल्या, गाडीत बसल्यावर मीच धाकटीच्या मांडीवर परत दिली, मला चांगलं आठवतंय. दीर परत जाऊन बघतो म्हणत होता. सासूबाईंनी त्याला बसवलं. पिशवी गाडीत आली होती म्हटल्यावर रस्त्यावर काय शोधणार?

सासूबाईंवर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं. जावेवर होतं. सकाळी देव मागते काय, संध्याकाळी देव नाहीसे होतात काय. ती आत चहा टाकत होती तेव्हा मी तिची पर्स उघडून पाहिली. कंगवा, औषधाची पट्टी, रुमाल, चाव्या. जसं होतं तसं परत ठेवलं. ती दोघं कपडे बदलून, मळके माझ्याकडेच धुवायला टाकून घरी गेली, पण माझा संशय गेला नाही. पर्समध्ये नाही म्हणजे आणखी कुठेतरी असणार, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला.

तर रविवारी कपडे तपासत होते. सासूबाईंच्या ब्लाउजच्या उजव्या बाहीवर एक काळपट, कडक ओघळ दिसला, बाहीच्या काठापासून थेट काखेपर्यंत. मी दरवर्षी लोणच्याच्या कैऱ्या चिरते, आंब्याचा चीक मला ओळखू येतो. नुसतं झाडाखाली बसून तो असा लागत नाही. हात वर करून डहाळी वाकवली आणि कैरीचा देठ तुटला, तरच तो बाहीत शिरून खाली उतरतो. आमच्यापैकी कोणीही कैरी तोडली नव्हती.

ब्लाउज घेऊन सासूबाईंकडे गेले आणि विचारलं, आंब्याला हात कशाला लावला होता? त्यांनी बाही हातात घेतली.

"मग काय जमिनीवर ठेवू देव?" त्या म्हणाल्या. "सतरंजीवर आपण बसलेलो." आणि पुढचं त्यांचं त्यांना कळलं, पिशवी फांदीलाच राहिली होती. चेहरा एवढासा झाला.

जावेला फोन केला, घडलं ते सांगितलं. ती म्हणाली, "पर्स छान लावून ठेवली होतीत ताई. कंगवा तेवढा चुकीच्या कप्प्यात गेला."

मी म्हटलं, उघडली होती, चूक झाली. यापेक्षा जास्त बोलायला मला जमत नाही. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन येशील का, एवढं विचारलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी चालवत होती आणि मी उजव्या बाजूची झाडं बघत होते. आंबा सापडला. पिशवीही होती, पण सासूबाईंचा हात पोहोचेल त्याच्या कितीतरी वर, आणखी एका गाठीने बांधलेली. शेळ्या घेऊन एक बाई जवळच उभी होती. शेळ्या ओढतील म्हणून आपणच वर बांधली, म्हणाली. आत काय आहे ते पाहिलंस का, असं मी विचारलंच. ती म्हणाली, एवढी जमीन मोकळी असताना कोणी वर टांगून ठेवलंय, म्हणजे देवाचं असणार, मग उघडायचं कशाला? तिनेच झाडावर चढून पिशवी काढून दिली. जावेने डबा उघडून टाक मोजले. पाच. तिचे झाल्यावर मीही मोजले. तिने ते पाहिलं आणि हसली.

पेठ नाक्यावर तिने पंचवटीकडे वळायचा सिग्नल दिला. मी म्हटलं, सरळ घे, अंबडला.

"आईंना विचारलंत?"

"दुपारी सांगते."

तिच्या नव्या देव्हाऱ्यात टाक मांडून झाल्यावर मी रिक्षाने घरी आले. वाटेत पंचवटीत लांब पट्ट्याची, गळ्यात अडकवता येईल अशी पिशवी घेतली, पुढच्या भेटीसाठी.